तळ न लागणारी यादी : ब्राउझरकडून पान वाचून घेण्याचा अनुभव

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारख्या दिसणाऱ्या सँडल्स सादर केल्या, तेव्हा सुरुवातीला त्यांच्या मुळाचा उल्लेख केला नव्हता. टीका झाल्यावर भारतीय हस्तकलेची प्रेरणा कंपनीने मान्य केली. कोल्हापुरात त्यावर बरेच बोलले गेले. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत मात्र बोलण्याचा रोख लवकरच वळला. परदेशी कंपनीचे राहू द्या, आपल्याच देशातल्या ऑनलाइन बाजारांत ‘कोल्हापुरी’ या नावाखाली रोज काय काय खपते, त्यातले चामड्याचे किती आणि रेक्झिनचे किती, हे कोणी कधी मोजले आहे का, असा प्रश्न तेथील काही दुकानदारांनी आपापसांत काढला. तो अखेर माझ्याकडे आला, कारण त्यांच्यातले अण्णा हे माझ्या वडिलांचे जुने स्नेही आणि मी पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा.

अण्णांना साधा तक्ता हवा होता. वस्तूचे नाव, किंमत, कशापासून बनवली, कोठे बनवली, फोटो आणि शोधाच्या यादीत ती कितव्या जागी दिसते, एवढेच रकाने. हे काम त्यांच्या मुलाने आधी मोबाइलवर हातानेच करून पाहिले होते. “बोट दुखाय लागलं, पण यादी काय संपंना,” असे अण्णांनी त्याचे वर्णन केले आणि अडचण नेमकी हीच होती. या संकेतस्थळांवर पहिले पान, दुसरे पान असे आकडे नसतात. आपण खाली सरकत जातो आणि पान स्वतःच वाढत जाते. अशा रचनेचे श्रेय आझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराला दिले जाते. त्यांनी ती २००६ मध्ये पुढे आणली आणि माणसे तिच्यात किती वेळ गुंतून पडतात हे पाहून पुढे त्यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली. बोटाने सरकवणाऱ्या माणसाला तळ लागू नये हाच जिचा हेतू, तिचा तळ मला यंत्राकडून शोधून घ्यायचा होता.

पान वाढते कसे, हे आधी समजून घेतले. यादीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारा एक छोटा घटक ठेवलेला असतो. तो पडद्याच्या कक्षेत आला की ब्राउझरमधील इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर नावाची सोय, जी क्रोममध्ये २०१६ पासून आहे, पानासोबत आलेल्या छोट्या प्रोग्रॅमला, म्हणजे स्क्रिप्टला, तशी वर्दी देते. स्क्रिप्ट संकेतस्थळाच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पुढचा घास मागते, सर्व्हर वीस-चाळीस वस्तूंची माहिती जेसन या मजकुरी स्वरूपात पाठवतो, स्क्रिप्ट त्यांची कार्डे, म्हणजे प्रत्येक वस्तूची छोटी चौकट, तयार करून यादीला जोडते आणि तो अदृश्य घटक पुन्हा खाली ढकलला जातो. जुन्या पानांत हेच काम सरकण्याच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवून केले जाते. दोन्ही प्रकारांत मूळ गोष्ट एकच असते, ती म्हणजे पानाला खाली किती उरले आहे हे ठाऊक नसते. ते फक्त मागत राहते.

येथे कोणीही जाणकार विचारील की, ब्राउझर कशाला सरकवायचा, सर्व्हरकडे जाणारी ती मागणीच थेट का करू नये. हा प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक कामांत माझे उत्तर तेच असते. ब्राउझरमध्येच असलेल्या डेव्हलपर टूल्स या तपासणीच्या सोयीतला नेटवर्कचा भाग उघडून पान खाली सरकवले की मागणीचा पत्ता आणि उत्तर दोन्ही दिसतात. ते उत्तर नीटनेटके असेल तर ब्राउझर चालवणे म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम आहे. पण अण्णांचा प्रश्न ‘सर्व्हरच्या कोठारात काय आहे’ असा नव्हता, ‘गिऱ्हाइकाला काय दिसते’ असा होता. पैसे भरून वर आणलेल्या वस्तू कार्डांच्या मध्ये बसवण्याचे काम पान स्वतः करते, काही कार्डे दोनदा दाखवते आणि क्रम बदलते. सर्व्हरच्या उत्तरात हा क्रम जसाच्या तसा नव्हता. त्यामुळे या कामापुरते गिऱ्हाइकाचे डोळे म्हणून ब्राउझरच वापरायचा असे मी ठरवले.

त्याआधी नियम वाचणे भाग होते. रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल कोणत्या भागात यंत्राने येऊ नये ते सांगते. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली ही पद्धत २०२२ मध्ये इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत आरएफसी ९३०९ या क्रमांकाने अधिकृतपणे नोंदवली गेली. तिच्या जोडीला प्रत्येक संकेतस्थळाच्या अटीही असतात आणि त्या कंटाळवाण्या असल्या तरी पूर्ण वाचाव्या लागतात. एका मोठ्या संकेतस्थळाच्या अटींत स्वयंचलित वाचनाला स्पष्ट मनाई होती, म्हणून ते यादीतून वगळले. अण्णांना हे पटले नाही. “दुकान उघडं ठेवलंय, बघायला काय पैसे पडतात काय?” असे ते म्हणाले. मी त्यांना विचारले की, तुमच्या दुकानात एखादा माणूस दिवसभर येऊन प्रत्येक चप्पल उलटीपालटी करून वहीत लिहून घेऊ लागला, तर तुम्ही काय कराल? त्यावर ते हसले आणि विषय मिटला. उरलेल्या ठिकाणीही आम्ही लॉगइन केले नाही, ग्राहकांचे अभिप्राय किंवा नावे घेतली नाहीत आणि वेग माणसाच्या बोटापेक्षाही कमी ठेवला.

ब्राउझरला प्रोग्रॅमकडून चालवणारे साधन निवडण्यात फार वेळ घालवला नाही. पपेटिअर २०१७ मध्ये गुगलकडून आले, प्लेराइट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टकडून, आणि त्या दोहोंच्या आधीचे सेलेनियम २००४ पासून आहे. थॉटवर्क्स कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी ते चाचणीच्या कामासाठी सुरू केले होते. आज नव्याने शिकणाऱ्याला मी प्लेराइट सुचवीन. मी सेलेनियम घेतले ते सवयीमुळे आणि पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम पुढे अण्णांच्या भाच्याला सांभाळता यावा म्हणून. क्रोमची आवृत्ती बदलली की सेलेनियमला ब्राउझरशी जोडणारा ड्रायव्हर जुळेनासा होण्याचा पूर्वीचा त्रास सेलेनियमच्या ४.६ आवृत्तीपासून बराच कमी झाला आहे, कारण योग्य ड्रायव्हर आता ते स्वतःच शोधून आणते.

सरकवण्याची सर्वत्र सांगितली जाणारी कृती अशी असते. पानाची पूर्ण उंची, म्हणजे स्क्रोलहाइट, विचारायची. थेट तेवढ्या खाली उडी मारायची. दोन-तीन सेकंद थांबायचे. उंची पुन्हा विचारायची. ती वाढली असेल तर पुन्हा उडी, आणि तेवढीच असेल तर यादी संपली असे समजायचे. चार ओळींत लिहून होते आणि दाखवण्यापुरते उत्तम चालते. मोजणीच्या कामाला मात्र ती दोन्ही टोकांनी अपुरी पडते.

पहिले टोक उडीचे. एका दमात तळाशी गेल्यामुळे मधली कार्डे पडद्याच्या कक्षेत येतच नाहीत आणि त्यांचे फोटो कोरे राहतात, कारण फोटोही गरज पडेल तेव्हाच आणण्याची सोय पानात असते. पत्ता विचारला तर खऱ्या फोटोऐवजी राखाडी चौकोनाचा पत्ता हाती येतो. शिवाय काही पानांत त्या अदृश्य घटकाच्या खाली पानाच्या तळाचा भला मोठा पट्टा असतो. त्यावर जाऊन आदळले की घटक वरच्या बाजूला राहून जातो आणि मागणी सुटतच नाही. म्हणून मी उडी सोडून पावले टाकली. खिडकीच्या उंचीच्या सुमारे चार-पंचमांश इतकेच एका वेळी खाली जायचे, म्हणजे आधीच्या दृश्यातील शेवटची ओळ पुढच्या दृश्यात वर दिसते आणि मधले काहीही निसटत नाही.

एका संकेतस्थळावर ही पावलेही पडेनात. खिडकीला कितीही सरकवा, पान जागचे हलत नव्हते, पण माउसचे चाक फिरवले की यादी गुमान वर जात होती. कारण तेथे पान सरकत नसून पानाच्या आत बसवलेली एक चौकट सरकत होती. अशा वेळी कोणत्या घटकाची आतली उंची त्याच्या दिसणाऱ्या उंचीपेक्षा जास्त आहे, हे सगळ्या घटकांना विचारून पाहायचे आणि जो सापडेल त्यालाच सरकवायचे. तो सापडला की बाकी रीत तीच राहते.

दुसरे टोक थांबण्याचे, आणि या कामाचा खरा गाभा तेथेच आहे. उंची वाढली नाही याचा अर्थ यादी संपली असा होत नाही. इंटरनेट मंद असेल, सर्व्हर दमलेला असेल, मागणी मध्येच फसली असेल, तरी उंची तेवढीच राहते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी तासभर तेवढीच राहिली म्हणून कोणी कोल्हापूरकर पूर ओसरला असे म्हणत नाही; राधानगरी धरणाचे दरवाजे उघडे आहेत की मिटले, हे तो आधी विचारतो. तसेच येथेही उंचीकडे पाहत बसण्यापेक्षा मागणी गेली का, उत्तर आले का आणि त्या उत्तरात नवीन काही होते का, हे विचारायला हवे.

त्यातील सर्वांत भरवशाची खूण म्हणजे प्रत्येक वस्तूचा क्रमांक. कार्डावर मारलेल्या दुव्यात तो बहुधा असतोच. दिसलेल्या प्रत्येक क्रमांकाची नोंद ठेवायची आणि दर पावलाला किती क्रमांक नव्याने दिसले ते मोजायचे. नवीन क्रमांक येत आहेत तोवर यादी चालू आहे. ते येईनासे झाले की लगेच थांबायचे नाही. आधी माहिती येत असल्याचे दाखवणारे फिरते चक्र पडद्यावर आहे का ते पाहायचे, ते असेल तर जाईपर्यंत वाट पाहायची, मग थोडे वर जाऊन पुन्हा खाली यायचे. ही वर-खाली हालचाल वेडगळ वाटते, पण फसलेली मागणी तिच्यामुळे पुन्हा सुटते, कारण अदृश्य घटक एकदा पडद्याबाहेर जाऊन परत आत येतो. एवढे करूनही लागोपाठ काही वेळा काहीच नवे आले नाही, तरच यादी संपल्याची नोंद करायची.

वाट पाहण्याबाबतही एक गोष्ट सांगायला हवी. ठरावीक सेकंद झोपवून ठेवणे सोपे असले तरी ते नेहमी एक तर कमी पडते किंवा वाया जाते. त्यापेक्षा अट घालून थांबावे. सेलेनियममधील वेबड्रायव्हर वेट ही सोय घातलेली अट पुरी झाली का हे दर अर्ध्या सेकंदाला विचारते आणि ती पुरी होताच पुढे जाते. पावसाळ्यात आमच्या भागातले इंटरनेट कधी कधी अगदीच रडतखडत चालते. तेव्हा कमाल मर्यादा वाढवून ठेवली तरी चांगल्या दिवशी वेळ फुकट जात नाही. ही अट आणि दोन पावलांमधला मुद्दाम ठेवलेला अवकाश या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या सोयीसाठी असते, दुसरा समोरच्या सर्व्हरच्या. सर्व्हरने ४२९ हा क्रमांक पाठवला, तर त्याचा अर्थ फार मागण्या झाल्या असा असतो. सोबत किती वेळाने यावे हे लिहिलेले असेल तर तेवढे थांबायचे आणि नसेल तर त्या दिवसापुरते काम बंद करायचे. ‘तुम्ही यंत्र नाही ना’ असे विचारणारे कोडे आले तरी आम्ही तेथेच थांबत होतो. ओळख लपवून आत शिरण्याच्या क्लृप्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात, पण दुकानदारांच्या संघटनेसाठी तयार होणाऱ्या कागदाला अशा मार्गाने आलेली माहिती शोभली नसती.

वस्तूंचे क्रमांक मोजण्याचा आणखी एक लाभ एका वेगळ्याच पानावर कळला. तेथे कितीही खाली गेले तरी पानातील कार्डांची संख्या जवळजवळ तेवढीच राहत होती. वरची कार्डे पडद्याबाहेर गेली की पान त्यांना आपल्या अंतर्गत रचनेतून, म्हणजे डॉममधून, काढून टाकत होते आणि त्यांच्या जागी नुसती रिकामी उंची ठेवत होते. मोबाइलची मेमरी वाचावी म्हणून केलेली ही युक्ती आहे आणि ती चांगलीच आहे. पण ‘आधी शेवटपर्यंत जाऊ, मग सगळी कार्डे एकदम वाचू’ असा बेत केलेल्याच्या हाती तेथे फक्त शेवटची पाच-पन्नास कार्डे लागतात. म्हणून वाचणे आणि सरकणे बरोबरीने चालले पाहिजे.

त्यातही कार्ड हाती धरून मग त्याचे नाव विचारायचे, किंमत विचारायची, असे सावकाश करत बसले तर मधल्या क्षणात ते कार्डच पानातून नाहीसे होते आणि सेलेनियम ‘हा घटक शिळा झाला’ अशी तक्रार करून थांबते. त्यावर मला पसंत पडलेला उपाय असा की, ब्राउझरच्या आतच एक छोटी स्क्रिप्ट चालवायची. ती त्या क्षणी पडद्यावर असलेल्या सर्व कार्डांचे क्रमांक, नावे, किमती, फोटोंचे पत्ते आणि ‘प्रायोजित’ हा शिक्का एका झटक्यात उचलून साधा मजकूर म्हणून परत देते. घटक हाती येतच नाहीत, त्यामुळे ते शिळे होण्याचा प्रश्नच उरत नाही. मिळालेली प्रत्येक ओळ त्याच वेळी फाइलमध्ये लिहून टाकायची. वीज गेली, ब्राउझर बसला, तरी तोवरचे काम शाबूत राहते.

रात्री हे काम आपोआप चालावे म्हणून खिडकी मिटून ठेवावी असे साहजिकच वाटते. पण नजरेआड असलेल्या टॅबला ब्राउझर फारशी किंमत देत नाही. त्याचे टायमर मंदावतात, पडदा रंगवण्याशी जोडलेली कामे थांबतात, आणि पडदाच रंगत नसेल तर तो अदृश्य घटक दिसल्याची वर्दी तरी कोण देणार? यासाठी हेडलेस म्हणजे खिडकीविना चालणारा प्रकार असतो. क्रोममध्ये तो २०१७ पासून आहे आणि २०२३ मध्ये ११२ या आवृत्तीत त्याची नवी घडण आली, जी नेहमीच्या क्रोमसारखीच वागते. जुन्या घडणीत खिडकीचे माप सांगितले नाही तर ते ८०० बाय ६०० इतकेच धरले जात असे, आणि तेवढ्या मापाला बरीच संकेतस्थळे लहान पडद्यासाठीची मांडणी देतात. क्रमवारीचा रकाना महत्त्वाचा असल्यामुळे मी माप नेहमी स्वतःच सांगतो आणि ते तक्त्यातही लिहून ठेवतो.

एवढे सगळे जुळल्यावरही मोठ्या यादीत एक गोष्ट सलत होती. पान जसजसे लांबत जाते, तसतसा ब्राउझर जड होतो, पावले रेंगाळतात आणि कधी कधी तो टॅबच मान टाकतो. शिवाय ‘हजाराहून अधिक वस्तू’ असे वर लिहिलेले असले तरी बऱ्याच याद्या ठरावीक मजलीपर्यंत गेल्यावर पुढे देणेच बंद करतात. म्हणजे आपण तळ गाठला असे आपल्याला वाटते, पण तो त्या यादीचा तळ नसून संकेतस्थळाने घातलेली मर्यादा असते. यावर सरकवण्याच्या कौशल्याचा काहीही उपयोग नव्हता.

उपाय अण्णांच्या दुकानातच होता, पण तो त्यांनी वेगळ्या कारणाने सुचवला. चपला ते किमतीप्रमाणे फळ्यांवर लावतात आणि गिऱ्हाईक आले की आधी “बजेट किती?” असे विचारतात. तक्ताही तसाच किमतीनुसार लावून दे, असे ते म्हणाले. मी शोधही तसाच लावला. संकेतस्थळांवर किमतीची गाळणी असतेच. तीनशे ते पाचशे, पाचशे ते आठशे, असे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याची यादी स्वतंत्रपणे वाचली. अथांग वाटणारी एक यादी अशा रीतीने बऱ्याच आटोपशीर याद्यांत विभागली गेली आणि प्रत्येकीचा शेवट खरोखर गाठता आला. एखाद्या पट्ट्यात मर्यादेची शंका आली की तोच पट्टा आणखी बारीक करायचा. पट्ट्यांच्या सीमेवरच्या वस्तू दोनदा येतात, पण क्रमांक जवळ असल्याने त्या गाळल्या जातात. यादीतील मूळ जागेचा रकाना मात्र पट्ट्यांवरून भरता येत नाही. त्यासाठी गाळणी न लावलेल्या यादीचा वरचा भाग वेगळा वाचावा लागतो आणि गिऱ्हाईक तरी त्याच्या खाली फारसे कोठे जाते?

काही संकेतस्थळांवर यादी संपली तरी पान संपत नाही. शोधलेल्या वस्तू आटोपल्या की ‘तुम्हाला हेही आवडेल’ असे एक शीर्षक येते आणि खाली नवीन कार्डे पूर्वीच्याच थाटात येत राहतात. क्रमांक नवे असल्यामुळे प्रोग्रॅमच्या दृष्टीने सारे सुरळीत चाललेले असते. पहिला तक्ता अण्णांना दाखवला तेव्हा खालच्या ओळींवर बोट ठेवून त्यांनी लगेच सांगितले, “ही मोजडी आहे, राजस्थानकडची. आणि ही तर नुसती बाथरूम स्लिपर.” फोटोंचे पत्ते घेतले होते याचा तेथे फार उपयोग झाला. त्यानंतर प्रोग्रॅमला अशी ताकीद दिली की, वाचन फक्त मूळ निकालांच्या चौकटीत करायचे आणि ते शीर्षक पडद्यावर आले की तो शेवट मानायचा. याउलट काही ठिकाणी तीन-चार घास आपोआप येतात आणि मग ‘आणखी दाखवा’ असे बटण येऊन पान गप्प बसते. तेथे नवीन क्रमांक येईनात म्हणून यादी संपली असे मानण्याआधी असे बटण आहे का, हे पाहून ते दाबावे लागते.

मजकुरातही थोडी सफाई करावी लागली. मराठी नावे असलेल्या मोजक्या वस्तूंमध्ये तेच नाव दोनदा येत होते आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असूनही संगणक त्यांना वेगळे मानत होता. ‘कोल्हापुऱ्या’ यातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येते आणि ‘र’ खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांनीही लिहिता येते. सर्व मजकूर एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकाच रूपात आणला की हा भेद जातो. पायथॉनमध्ये त्याला एक ओळ पुरते.

कार्डावर फक्त नाव, फोटो आणि किंमत असते. साहित्य आणि उत्पादनाचे ठिकाण आतल्या पानावर. त्यामुळे सरकवून मिळालेले दुवे नंतर एकेक करून, मधे चांगला अवकाश ठेवून उघडले. त्यात सरकवण्याचे काही नव्हते, फक्त सबुरीचे काम होते.

तक्ता घेऊन आम्ही अण्णांच्या दुकानाच्या माडीवर बसलो, तेव्हा साहित्याच्या रकान्यावरच सर्वांचे डोळे खिळले. नावात ‘अस्सल कोल्हापुरी’ आणि आत साहित्य ‘सिंथेटिक’ किंवा ‘पीयू’ (पॉलियुरेथेन, म्हणजे कृत्रिम चामडे) अशी जोडी स्वस्त पट्ट्यांत पुन्हा पुन्हा येत होती, तर काही ठिकाणी साहित्याचा रकाना कोराच होता. ठिकाणाच्या रकान्यात जवळपास सर्वत्र ‘भारत’ एवढेच होते. ग्राहक संरक्षणाच्या २०२० मधील ई-वाणिज्य नियमांनुसार उत्पादनाचा देश सांगणे आवश्यक आहे, जिल्हा सांगणे नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन मात्र जिल्ह्यांना धरून आहे: महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, तर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. त्यामुळे तक्त्यावरून एखादी वस्तू या आठ जिल्ह्यांतील आहे की नाही, हे ठरवता येत नाही.

फोटोवरूनही सर्व काही कळत नाही, हे अण्णांनीच स्पष्ट केले. कान, अंगठा, वेणी, गोंडा यांची ठेवण पाहून घाट कापशी या कोल्हापुरीच्या प्रकाराचा आहे की नुसती नक्कल, हे ते बऱ्यापैकी सांगू शकतात; टाचेची शिलाई चामड्याच्या वादीची आहे की तेथे खिळा मारला आहे, हे मोठ्या फोटोत दिसते. पण चामडे बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावले आहे की रसायनाने, हे चप्पल हातात घेऊन, वाकवून आणि हुंगून पाहिल्याशिवाय ते सांगायला तयार नव्हते. म्हणून तक्त्यात ‘अण्णांचे मत’ असा रकाना वाढवला आणि तो ज्यांच्याबाबत त्यांना खात्री होती तेवढ्याच ओळींत भरला.

आता हा प्रोग्रॅम अण्णांच्या भाच्याकडे असतो आणि ठरावीक काळाने रात्री चालतो. मध्यंतरी एका संकेतस्थळाने पानाची रचना बदलली आणि कार्डांची आतली नावे बदलून गेली. ‘नवीन वस्तू नाहीत’ आणि ‘कार्डच सापडले नाही’ या दोन नोंदी प्रोग्रॅम वेगळ्या ठेवतो, त्यामुळे सकाळी कारण शोधत बसावे लागले नाही. कार्ड कसे ओळखायचे हे सांगणारी एक ओळ बदलून काम पुन्हा सुरू झाले. दुकानदारांनी सिंथेटिकच्या ओळी वेगळ्या काढल्या असून त्या त्या संकेतस्थळाच्या तक्रार विभागाकडे पाठवायच्या मजकुराची जुळवाजुळव ते करीत आहेत. पुढच्या फेरीत महिलांच्या चपलांची यादी घ्यायची आहे. तेथे तीनशे ते पाचशेच्या एकाच पट्ट्यात यादी मर्यादेला टेकते, म्हणून तो पट्टा पन्नास-पन्नास रुपयांनी तोडावा लागेल असे दिसते.